शनिवारी उघडणारा फ्लॅट

घर दुसऱ्यांदा बघायला बोलावलं म्हणजे आपला नंबर लागतोय, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. ड्युसेलडॉर्फच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते घर होतं. चारही बाजूंनी मोकळं, विटांचं, उतरत्या छपराचं. बाथरूममध्ये मेंदी रंगाच्या टाइल्स आणि तळघरात हीटिंगसाठी तेलाची भली मोठी टाकी. फोटो बघून ऑफिसातल्या एकाने "जमीन चांगली आहे" एवढंच म्हटलं होतं. मला मात्र घर आवडलं. मला सहसा पटकन काही आवडत नाही, त्यामुळे नवरा जरा घाबरलाच.

घर विकणाऱ्या बाई एकट्याच होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मुलीच्या गावी छोट्या फ्लॅटमध्ये राहायला चालल्या होत्या. आमचा पगार, आमची बँक वगैरे चौकशा त्यांनी एजंटवर सोपवल्या आणि स्वतः आम्हाला खिडक्या उघडायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ पडत असला तरी. नाहीतर भिंतींना बुरशी येते. या ल्युफ्टनबद्दल जर्मन माणूस जितक्या भक्तिभावाने बोलतो, तितका देवाबद्दलही बोलत नाही. नवरा "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत मान डोलवत होता. मला तिथे उभ्या उभ्या बाबा आठवले.

पुण्यात बावधनला आमचा एक फ्लॅट होता. जर्मनीला आल्यावर दोन-तीन वर्षांत घेतलेला, परत गेल्यावर राहण्यासाठी. परत जायचं हे ठरलेलंच होतं, फक्त कधी ते ठरत नव्हतं. आधी नवऱ्याचं प्रोजेक्ट आडवं आलं, मग मुलीची शाळा, आणि मग काहीच आडवं नसताना आम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायला लागलो. सुट्टीत गेलो तरी आम्ही बाबांकडेच उतरायचो. भाडेकरू ठेवायला बाबा तयार नव्हते. "तुम्ही अचानक आलात तर त्यांना काय रस्त्यावर काढायचं?" म्हणून फ्लॅट रिकामा, आणि दर शनिवारी बाबा बसने बावधनला.

तिथे ते खिडक्या उघडायचे, सगळे नळ सोडायचे, पंखे फिरवायचे, बाल्कनीतली कबुतरांची घाण धुवायचे. मग हॉलमधल्या एकुलत्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मला व्हिडिओ कॉल करायचे आणि फोन फिरवून एकेक खोली दाखवायचे. मी त्याच रिकाम्या भिंती बघून "छान आहे, बाबा" म्हणायचे. आई गेल्यावर तर त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही.

आता जर्मन बँक कर्ज द्यायला तयार होती, पण सुरुवातीची रक्कम आम्हाला उभी करायची होती, आणि ती बावधनचा फ्लॅट विकल्याशिवाय उभी राहत नव्हती. कुलमुखत्यारपत्र बाबांच्या नावे. म्हणजे गिऱ्हाईक शोधण्यापासून सही करण्यापर्यंत सगळं त्यांनाच करावं लागणार. बाईंना आठवड्यात उत्तर हवं होतं.

"मी बोलू का बाबांशी?" नवऱ्याने विचारलं.

"नको, मी बोलते."

"कधी?"

"बोलते म्हटलं ना."

मी बोलत नव्हते. बाबा नाही म्हणतील अशी भीती नव्हती, ते नाही म्हणणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही आता परत येणार नाही, हे आजवर आमच्यात कुणी उच्चारलं नव्हतं. ते मी उच्चारायचं आणि वर त्यांनाच कामाला लावायचं, याची मला लाज वाटत होती.

शनिवारी नेहमीसारखा त्यांचा कॉल आला. ते स्वयंपाकघरातला नळ दाखवत होते, तेवढ्यात मी सांगून टाकलं. इथे घर बघितलंय, घ्यायचं म्हणतोय, त्यासाठी हा फ्लॅट विकावा लागेल. नळ थोडा वेळ तसाच वाहत राहिला. मग त्यांनी तो बंद केला.

"किती जुनं आहे घर?"

"तुमच्याच वयाचं असेल."

"मग दुखणी निघणार," ते म्हणाले. "छप्पर बघून घे. प्लंबिंग तर आधी बघ. या वयात तिथेच बिघाड असतो."

मी हसले, तेही हसले. त्यापेक्षा ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, वाईट वाटलं का?"

"वाटलं ना," ते म्हणाले. "पण विकायला अडचण नाही येणार. कुठेही ओल नाही."

पुढचं सगळं सुरळीत झालं. इथे नोटारने, म्हणजे इथल्या नोटरीने, पोथी वाचावी तसा अख्खा करार आमच्यासमोर मोठ्याने वाचला आणि आम्ही सह्या केल्या. पैसे त्यानंतर काही आठवड्यांनी भरायचे होते. तेवढ्यात बाबांनी गिऱ्हाईक आणलं, भाव केला, रजिस्ट्रेशनही उरकलं. चावी दिली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. या वेळी व्हिडिओ नव्हता, साधाच फोन होता.

घेणारं जोडपं तरुण आहे, म्हणाले. मुलीची आई बरोबर आली होती, चौकस बाई. तिने सगळे नळ सोडून बघितले, खिडक्या लावून-उघडून बघितल्या.

"मग मला म्हणाली, 'किती नीट ठेवलंय हो घर. कोण राहत होतं इथे?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"माझी मुलगी, म्हटलं. इतकी वर्षं इथेच होती. आता तिने मोठं घर घेतलंय."