थोरात काकांचा कान

थोरात काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. सिडकोतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो होतो. सामानाची खोकी अजून दारातच होती. काका जिना चढून आले, उंबऱ्यात उभे राहिले, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "पंख्याचं बुश गेलंय." मी वर पाहिलं. पंखा आपला मुकाट फिरत होता. आठ दिवसांनी तो खडखडायला लागला आणि पंधराव्या दिवशी बंद पडला. तेव्हापासून मी काकांच्या कानापुढे हात जोडले, आणि माझ्या हातून पुढे जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

काका मूळचे वैजापूरकडचे. घरी शेती होती, पण ते वाळूजला एका कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी त्यांनी प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा दाबणारी तिथली यंत्रं दिवसभर धाडधाड आपटत असायची. काही बिनसलं की साहेब लोक आधी थोरातांना बोलावणं धाडायचे. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "मशीन आधी कण्हतं, मंग मरतं," ते सांगत. "माणसाचं उलटं हाय. मेल्यावर कळतं की दुखत व्हतं." कानात घालायला तिथे बोळे मिळायचे. काकांनी ते कधी घातले नाहीत. "बोळा घातल्यावर ते काय म्हणतंय ते कसं कळायचं? मला पगारच कानाचा व्हता, देशपांडे." हे सांगताना त्यांची छाती फुगायची आणि मीही कौतुकाने मान डोलवायचो. दोघांनाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. एका रविवारी मला शेजारी बसवून हर्सूलच्या रस्त्याला लागले. काटा साठावर गेला तसा त्यांनी काच वर केली. "ऐका. ऊंऽऽ असं येऊ लागलंय. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. येतंय ना?" मला इंजिनाचा आवाज येत होता, टायरचा येत होता. ऊंऽऽ काही येत नव्हतं. पण ज्या माणसाने पंख्याचं मरण पंधरा दिवस आधी सांगितलं, त्याच्यापुढे बँकेतल्या कारकुनाच्या कानाची काय किंमत? मी म्हणालो, "हो काका, येतंय खरं."

काका गाडी गॅरेजला देणाऱ्यांतले नव्हते. पुढच्या रविवारी अंगणात पोतं अंथरलं गेलं. नवीन बेअरिंग आदल्या दिवसापासून काकूंच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, स्टीलच्या डब्यात ठेवलेलं होतं. गार केलं की ते केसभर आकसतं आणि जागेवर नीट बसतं. "माझ्या आईस्क्रीमला जागा नाय, अन् यांच्या लोखंडाला हाय," काकू करवादल्या. गाडी जमिनीवर असतानाच काकांनी पान्याला चार फुटी पाईप लावून एक्सलचा नट सैल केला. मग जॅक, मग चाक. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने वर बांधला. "लोंबकळू द्यायचा नाय, नळीला ताण बसतो." जुनं बेअरिंग निघायला दुपार झाली. नवीन बसवायला प्रेस नव्हता, म्हणून लांब आट्यांचा बोल्ट आणि दोन जाड वॉशर घेऊन ते सूतसूत आत ओढलं. जोर सगळा बाहेरच्या रिंगेवर. "आतल्या रिंगेवर ठोकलं की बेअरिंग बसायच्या आधीच मेलं समजा." इतकं देखणं काम मी क्वचित पाहिलं असेल. काकांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला होता.

संध्याकाळी ते चक्कर मारून परतले. आवाज गेला नव्हता. मग उजवं बेअरिंग बदललं. मग दुसऱ्या दुकानातून आणून पुन्हा डावं. शहागंजकडचा स्पेअरपार्टवाला हसून म्हणाला, "थोरात साब, इत्ते बेअरिंगां का क्या करते आप?" काका हसले नाहीत. दर वेळी ते मला गाडीत बसवत, "येतंय?" विचारत, आणि दर वेळी मी हो म्हणत असे. एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेची भीक मात्र काकांच्या पदरात पडत होती.

ते चौथ्यांदा चाक खोलायला निघाले, तेव्हा काकूंनी मला जिन्यात गाठलं. "भाऊ, खरं सांगा. तुमाला येतो का आवाज? गाडी दारात उभी असती, अन् हे जेवता जेवता मला म्हणतात, मिक्सर बंद कर. मिक्सर कपाटात असतो हो." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मंग तुम्हीच सांगा त्यांना. माझं नाय ऐकायचे. तुम्ही व्हय म्हणलात म्हणून त्यांनी हात घातला."

त्या संध्याकाळी मी काकांना हर्सूलच्या तळ्याशी गाडी थांबवायला लावली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. काचा वर होत्या.

"आता येतंय, काका?"

त्यांनी नेहमीसारखी मान तिरकी केली. डोळे मिटले.

"येतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमाला?"

"नाही. मला कधीच आलं नव्हतं."

"पहिल्या दिवशीबी नाय?"

"नाही."

"मंग व्हय कामून म्हणलात?"

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाले, "मंग ते बेअरिंग चांगलेच व्हते." तिसाच्या वर काटा न नेता त्यांनी गाडी घरी आणली आणि नंतर कधी ती चालवली नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे मी आणि काकू त्यांना घेऊन गेलो. आतली नस गेली आहे, हा आवाज आता जायचा नाही, सवय करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. "सवय कशाची करायची, बिघाडाची?" काका एवढंच बोलले. नंतर गल्लीतलं कुणी मोटरसायकल घेऊन आलं की "गॅरेजला दाखवा" म्हणून आत निघून जायचे. इंजिन चालू असेल तर ते खरंच वाजतंय की आपल्यालाच वाजतंय, हे त्यांना कळेनासं झालं होतं. मी बँकेतून आल्यावर त्यांच्याजवळ बसू लागलो. "बोलत राहा," ते म्हणायचे. "कायबी बोला. समोर माणूस बोलत असला की ते जरा मागं सरतं." मग मी बँकेतल्या भानगडी सांगायचो, साहेबांच्या नकला करायचो. मला अपराधी वाटायचं, पण तेवढा वेळ त्यांच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. मी गप्प झालो की पुन्हा पडायची.

दोन वर्षांनी माझी नांदेडला बदली झाली. टेम्पो भरून झाला तेव्हा काका फाटकाशी आले. वाळले होते. मी वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणालो, "रोज संध्याकाळी फोन करत जाईन, काका."

"नका करू," ते म्हणाले. मी चपापलो, तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राग नाय, देशपांडे. फोन कानाला लावला की ते लई मोठं होतं. पलीकडचं माणूस काय म्हणतं ते कायबी कळत नाय. मी आपला नुसता व्हय व्हय म्हणत राहतो."