आतोबांचा कॅमेरा आणि खोडाळ्याकडचं लग्न

आमच्या आतोबांइतके कमी फोटो काढणारा फोटोग्राफर अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि फोटोंविषयी त्यांच्याइतकं बोलणारा तर महाराष्ट्रातही सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जव्हारला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मी मोखाड्याला शाळेत शिकवते आणि आत्याकडे राहते, त्यामुळे या माणसाचा सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा सहवास मला लाभलेला आहे. पूर्वी ते बरे होते. पासपोर्ट साइझ, शाळांचे ग्रुप फोटो, बारशी, लग्नं असं सगळं गुपचूप करायचे. गेल्या वर्षी त्यांनी नाशिकहून नवा कॅमेरा आणला, आणि त्या दिवसापासून स्टुडिओत येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी त्या कॅमेऱ्याची माहिती ऐकावी लागते, मग त्याचा फोटो स्टँडवरच्या जुन्याच कॅमेऱ्याने निघतो. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मग नव्याने का नाही काढत?" आतोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने देवघरातलं निरांजन घेऊन गोठ्यात जायला सांगितलं होतं.

कॅमेरा काळा, जड आणि अंगभर बटणं असलेला आहे. त्याचं माहितीपुस्तक आतोबांनी परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. जव्हारच्या पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी येते, तशी ती भिंगाला येऊ नये म्हणून त्यांनी घरातला सर्वांत घट्ट झाकणाचा डबा कॅमेऱ्यासाठी ताब्यात घेतला. त्या डब्यात आत्याचे पापड होते. ते बाहेर आले आणि आठवड्याभरात रुमालासारखे मऊ झाले. आत्या म्हणाली, "वर्षभराचे पापड होते ते." आतोबा शांतपणे म्हणाले, "पापड पुढच्या वर्षी करता येतात. भिंग लाटता येत नाही." त्यानंतर बरेच दिवस आमच्या ताटात डावीकडची एक जागा रिकामी असायची आणि आतोबा तिकडे बघायचं टाळायचे.

त्यांचं सर्वांत आवडतं वैशिष्ट्य म्हणजे हा कॅमेरा बटण दाबायच्या आधीचा फोटो घेतो. बोट बटणावर नुसतं टेकवून ठेवलं की तो आपला मनातल्या मनात फोटो घेत राहतो, आणि बटण पुरतं दाबलं की मागचे क्षणही हवाली करतो. हे त्यांनी चहावाल्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, आमच्या छपराची कौलं फिरवायला आलेल्या माणसाला तो शिडीवर असताना सांगितलं. आत्याला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "आधीच निघतो तर मग बटण दाबता कशाला?" एवढंच तिने विचारलं. आतोबा तडक स्टुडिओत निघून गेले. संध्याकाळी परत आल्यावर, मधे काहीच घडलं नसल्यासारखं ते म्हणाले, "बटण दाबल्याशिवाय त्याला कळणार कसं, की मला फोटो हवाय?" दिवसभर त्यांनी दुसरा विचार केला नव्हता.

दुसरं वैशिष्ट्य, हा कॅमेरा आवाज करत नाही. यामुळे सभा, कीर्तन, झोपलेलं मूल, कशाचाही फोटो कुणाला न कळता निघतो. अडचण अशी झाली की फोटो निघाला हे खरोखरच कुणाला कळेना. दाभोसा गावात एका बचत गटाचा फोटो काढायला आम्ही गेलो होतो. बायका पदर सारखे करून, श्वास रोखून बसल्या. आतोबांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं." कुणी हललं नाही. "झालं म्हणतोय ना." पुढे बसलेली एक म्हातारी ओठ न हलवता म्हणाली, "आवाज नाय आला." आतोबांनी तिला बिनआवाजी शटरची सगळी रचना समजावून सांगितली. तिने ती श्वास रोखूनच ऐकली आणि शेवटी पुन्हा म्हणाली, "पन आवाज नाय आला." तेव्हापासून आतोबा बटण दाबताना जीभ टाळ्याला लावून "खटॅक" असा आवाज काढतात. लोक लगेच सैल होतात. इतक्या आधुनिक यंत्राला शेवटी आतोबांच्या जिभेचा आधार लागला.

त्याच दिवशी तिसरं वैशिष्ट्यही सिद्ध झालं. कॅमेऱ्याच्या सांध्यासांध्यांत रबर बसवलेलं आहे, पाण्याचा थेंब आत जात नाही. हे मला नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना. ते दाभोशाच्या धबधब्यापाशी गेले आणि तुषारांत कॅमेरा छातीशी धरून उभे राहिले. मी लांबून हाका मारत होते, ते मला "बघ, बघ" अशी खूण करत होते. कॅमेऱ्याला खरंच काही झालं नाही. आतोबांच्या सांध्यांत मात्र रबर नसल्यामुळे ते आठ दिवस तापाने अंथरुणात होते. डॉक्टर तपासायला आले तर त्यांनाही आतोबांनी तापातच पाण्याच्या तुषारांबद्दल सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी थर्मामीटर तोंडात घातला आणि आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ तिथेच ठेवला.

असा हा कॅमेरा लग्नासारख्या मोठ्या कामाला पहिल्यांदा लागला तो खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरच्या लग्नात. मुलीचा बाप भात-नागली करणारा शेतकरी आणि आतोबांचा जुना दोस्त. जव्हारच्या बाजाराला आला की स्टुडिओच्या पायरीवर बसून तो आतोबांचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा. एवढं ऐकणारा माणूस दुसरा नसल्यामुळे त्याच्या मुलीच्या लग्नाला नवा कॅमेरा बाहेर काढायचा, असं आतोबांनी जाहीर केलं. मला सुट्टी होती, म्हणून उजेड परतवायचा पांढरा पत्रा धरायला मला नेलं.

लग्नाच्या दिवशी भल्या सकाळी ते सराव म्हणून गावाबाहेरच्या शिरपामाळला जाऊन आले. तिथे त्यांना झाडीत भारद्वाज दिसला. कॅमेऱ्याला डोळा ओळखता येतो, हे आता सांगायला हवं. माणसाचा डोळा, जनावराचा डोळा, पक्ष्याचा डोळा, जे निवडाल ते तो गर्दीतून शोधून काढतो, त्यावर हिरवा चौकोन बसवतो आणि मग त्याला सोडत नाही. आतोबांनी पक्षी निवडला, भारद्वाजाच्या लाल डोळ्याचा सुंदर फोटो काढला आणि शुभशकुन झाला म्हणत ते जीपमध्ये बसले. पक्षी बदलून माणूस करायचं राहून गेलं.

मांडव हिरव्या फांद्यांचा होता, स्पीकर जोरात होते आणि वऱ्हाडाच्या पायांत पाड्यावरच्या सगळ्या कोंबड्या फिरत होत्या. आतोबांनी त्या दिवशी जे काम केलं, तसं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. बसून, वाकून, बाजेवर चढून ते फोटो घेत होते आणि जिभेने खटॅक खटॅक करत होते. जीपच्या धक्क्यांनी डोळ्याला लावायच्या काचेचं चाक फिरलं होतं, त्यामुळे त्यांना आत सगळं जरा धूसर दिसत होतं. चुलीचा धूर डोळ्यांत गेला असेल, असं त्यांना वाटलं. मला म्हणाले, "आपण बघायची गरजच नाही. चौकोन हिरवा झाला की बटण दाबायचं. बाकी त्याला कळतं."

त्याला कळलेलं दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर दिसलं. पहिल्या फोटोत एक लाल कोंबडा होता. त्याचं एक-एक पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं, डोळ्यात मांडवाचं प्रतिबिंब होतं, आणि मागे दोन पिवळसर ढग एकमेकांना हार घालत होते. पुढच्यात एक तांबडी कोंबडी चार पिल्लांसह, मागे हळद लागलेला ढग. आतोबा एकेक फोटो पुढे सरकवत होते. एका फोटोत आसपास कोंबडी नव्हती, म्हणून आम्हाला आशा वाटली. तिथे कॅमेऱ्याने करवलीच्या पदरावर विणलेला मोर शोधून काढला होता. व्हिडिओत तर मुलीच्या पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना कॅमेरा एका पिल्लामागे अंगणभर हिंडला होता. महागड्या भिंगाचं वैशिष्ट्य असं, की ज्यावर नेम असेल ते सोडून बाकी सगळं लोण्यासारखं विरघळतं. अख्खं लग्न विरघळलं होतं.

आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्याने पानावर नवे तळलेले पापड वाढले, तरी नाही. "त्याने विश्वासाने बोलावलं होतं," एवढंच म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता, तिथे आम्ही दोघं गेलो. मुलीचा बाप भेटला. आतोबांनी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यासमोर धरला. त्याने निरखून पाहिलं.

"हा तं आमचा लाल कोंबडा."

"हो."

"बेस निघलाय." त्याने पुढचा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. तो खरोखरच खूश होता. "हा तं पाहुन्यांनी खाल्ला. फोटू राहिला त्याचा." मग बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "पोर कुठं हाय?"

"मागे," आतोबा म्हणाले. "ते पिवळं दिसतंय ते."

त्याने पडदा डोळ्यांजवळ ओढला. मुलगी आणि जावई चार दिवसांत ठाण्याकडे कामाला निघणार होते, ते आता पावसाळ्याच्या तोंडावरच परतायचे. आतोबा म्हणाले, "मी चुकलो. पण ते जायच्या आत मला लग्न पुन्हा लावू दे."

यावर पाड्यात बैठक बसली. लागलेलं लग्न पुन्हा लावणं बरं नव्हे, असं बायकांचं म्हणणं पडलं. मुलाकडचे म्हणाले, दुसऱ्यांदा लावलं तर पहिलं खोटं धरायचं का. शेवटी एका वृद्ध गृहस्थाने निकाल दिला. "लग्न नका लावू. नुसता फोटू लावा. मंतर कोनी म्हनायचा नाय." हे सर्वांना पटलं.

मग दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. मांडवाच्या फांद्या वाळल्या होत्या, त्यांवर नव्या टाकल्या. आतोबांच्या हुकमावरून पाड्यातल्या यच्चयावत कोंबड्या डालग्यांखाली झाकल्या, आणि मोर विणलेली साडी नेसून आलेल्या करवलीला घरी जाऊन साडी बदलायला लावली. चष्मा लावून आतोबांनी कॅमेऱ्यात माणूस निवडला, मला दाखवला, मुलीच्या बापाला दाखवला, निकाल देणाऱ्या वृद्धालाही दाखवला. हळद लागली, बाशिंगं बांधली गेली, हार घातले गेले, सगळं मुक्याने. डालग्यांखालून तेवढा कलकलाट चालला होता. पाठवणीची वेळ आली तेव्हा मात्र अडलं. मुलीला रडू येईना. ती नवऱ्याकडे बघायची आणि पदरात तोंड घालून हसायची. बाप म्हणाला, "रड जराशी, त्यांचा फोटू व्हायचाय." तिने प्रयत्न केला आणि अख्खा मांडव हसायला लागला. आतोबांनी तसाच काढला. मी पाहिलेला तो एकमेव पाठवणीचा फोटो आहे, ज्यात झाडून सगळे हसताहेत.

आम्ही सामान आवरत असताना मुलीची आई जवळ आली. हातात सोडलेली बाशिंगं होती. "आमचे लग्नात कोनी फोटू नाय काढला," ती हळूच म्हणाली. "बाशिंगा हाताशीच हायेत, तं आमचाबी एक काढा." नवरा लाजून गोठ्याकडे निघाला होता, त्याला पोरांनी ओढून आणलं. पांढऱ्या मिशांच्या वर, कपाळाला बाशिंग बांधून तो बायकोशेजारी उभा राहिला. आतोबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मला दिसलं की त्यांचे हात थरथरताहेत. बाशिंगाच्या मुंडावळ्यांतून दोस्तालाही ते दिसलं.

"भाऊ, हात हालतो तुझा."

"हलू दे," आतोबा म्हणाले. "त्याला चालतं." आणि जिभेने खटॅक केलं.

परतताना जीपमध्ये मी त्यांना हाताविषयी विचारलं. ते म्हणाले, की तीनेक वर्षं झाली, जुन्या कॅमेऱ्याने हातात धरून काढलेले फोटो हलायला लागले होते. आधी त्यांना कॅमेराच बिघडला असं वाटलं. नाशिकला दुकानात त्यांनी सगळी वैशिष्ट्यं ऐकून घेतली, पण विचारायचं एकच होतं, की हात हलला तर हा सांभाळून घेतो का. दुकानदाराने हो म्हटलं. "आत एक तुकडा तरंगता ठेवलेला असतो," आतोबा म्हणाले. "हात इकडे गेला की तो तिकडे जातो." त्यांनी तळहाताने ते करून दाखवलं, आणि हात मांडीखाली ठेवला.

कॅमेऱ्याविषयी ते आजही सगळ्यांना सगळं सांगतात, एवढं एक सोडून. त्या उभयतांचा फोटो त्यांनी मोठा करून स्वतः पाड्यावर पोचवला. तो इतका स्पष्ट आहे की म्हाताऱ्याच्या मिशीचा केस न् केस दिसतो. मी घरात यातलं काही बोलले नाही. पण आता चहाच्या वेळी माझं लक्ष जातं. आत्या आतोबांना कप भरून देत नाही. अर्धाच देते, आणि तो संपला की, काही न विचारता, पुन्हा अर्धा ओतते.