तक्रार असल्यास इडोनाबाईंना फोन करावा

नीतिसमितीला स्वतःचा फोन नव्हता. सेंट जॉर्जेसमध्ये आरोग्य खात्याच्या इमारतीत तिची एक खोली होती, पण ती उघडे फक्त मंगळवारी, तेही चिटणीस बाईंच्या मुलाला बरं नसलं तर नाही. त्यामुळे ग्रेनाडा बेटावर कुणीही माणसांवर काही अभ्यास करायचा म्हटला, की संमतीपत्राच्या तळाशी जी ओळ लागते, ‘तक्रार असल्यास या नंबरवर फोन करावा’, तिथे नऊ वर्षं ग्वाव्ह गावातल्या इडोना केडोर यांच्या स्वयंपाकघरातला नंबर छापला जात होता. त्या घरी असत, फोन पहिल्या घंटेला उचलत आणि समितीवर एकट्या त्याच अशा होत्या, की ज्यांच्याकडे ऐकून घ्यायला वेळ होता.

इडोनाबाई ना डॉक्टर होत्या ना प्राध्यापक. ग्वाव्हच्या जायफळाच्या गोदामात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. जायफळं पाण्याच्या हौदात टाकायची, भरीव ती बुडतात, पोकळ ती तरंगतात. एवढं एक काम माणसाने इतकी वर्षं केलं की त्याला जगातल्या सगळ्याच गोष्टी हौदात टाकून बघायची सवय लागते. समितीच्या नियमात होतं, की सात सदस्यांपैकी एक तरी सामान्य जनतेतला हवा आणि तो हजर नसेल तर बैठकच भरत नाही. जनतेतला म्हणजे नेमका कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी अध्यक्ष डॉ. बेलमार यांना आपल्या मावशीच्या शेजारची ही बाई आठवली.

नेमणूक झाल्यावर त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवायला परदेशातून एक प्राध्यापक आले होते, घामाने निथळत होते, पण माणूस चांगला. त्यांचं प्रत्येक उदाहरण एकाच वाक्याने सुरू होई: समजा, एक संशोधक एका अनोळखी माणसाकडे जातो. दुसऱ्या दिवशी इडोनाबाईंनी हात वर केला. त्यांनी विचारलं, हा अनोळखी माणूस आम्ही आणायचा कुठून? प्राध्यापक हसले, मग विचारात पडले आणि जेवणाची सुट्टी लवकर झाली. तरीही इडोनाबाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. संशोधकाकडून काही घ्यायचं नाही, पेनसुद्धा नाही. आपलं माणूस असेल तर खोलीबाहेर जायचं. ऐकलेलं घरी सांगायचं नाही. प्रमाणपत्र त्यांनी येशूच्या तसबिरीशेजारी लावलं, किंचित खाली, कारण शेवटी मर्यादा असते.

नर्सिंगच्या मुलींना दर जानेवारीत त्या संमतीवर एक तास शिकवू लागल्या. वर्गात गेल्या गेल्या त्या एखादीचा डबा उघडून निम्मी पोळी खाऊन टाकत. ती मुलगी काही बोलली नाही, की विचारत, गप्प का राहिलीस? मुलगी म्हणे, तुम्ही मोठ्या, कसं बोलणार. मग त्या फळ्याकडे वळून म्हणत, लिहून घ्या, गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. हा धडा त्या मुली जन्मात विसरत नसत. फक्त जानेवारीत डबे लपवून ठेवत.

आणि मग त्यांचीच मुलगी, रोनेल, समितीपुढे आली.

रोनेल दवाखान्यात नर्स होती. साखर असलेल्या माणसांच्या पायाला जखम झाली, की ती माणसं दवाखान्यात यायच्या आधी घरी कोणकोणता पाला बांधतात आणि किती दिवस वाया घालवतात, याचा तिला अभ्यास करायचा होता. तो अभ्यास मंजूर झाला तर जमैकाच्या विद्यापीठात तिला शिष्यवृत्तीसह जागा होती. मंजुरीचं पत्र शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत तिथे पोचायला हवं. नाही पोचलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

अर्जाच्या कागदांचा गठ्ठा सगळ्या सदस्यांना येतो तसा इडोनाबाईंनाही आला. मुलीचं नाव बघताच त्यांनी तो न उघडता परत केला. पण घर एक, जेवायचं टेबल एक. संमतीपत्राचा कच्चा मसुदा टेबलावर पडलेला असे आणि त्या तो पालथा घालून त्यावर मिठाची बरणी ठेवत. रोनेल शेजारच्या खोलीत वाक्यं मोठ्याने वाचून बघू लागली, की त्या रेडिओचा आवाज वाढवत. त्यांच्या जिवाची नुसती तगमग होत होती. नऊ वर्षांत लोकांच्या पोरांच्या कागदांतल्या शंभर चुका त्यांनी काढल्या होत्या, आणि आता पोटच्या पोरीच्या कागदात एखादी ढळढळीत चूक असली तर ती बघायचीसुद्धा सोय नव्हती.

“एकदा नजर टाकलीस तर काय आभाळ कोसळेल?” रोनेलने विचारलं.

“तुझं काही कोसळणार नाही. माझं कोसळेल.”

“बाकीच्या पोरींच्या आया मदत करतात, मम्मी.”

“त्यांच्या आया समितीवर नाहीत,” इडोनाबाई म्हणाल्या आणि रेडिओ आणखी मोठा केला. त्यावर माशांचे भाव चालू होते.

तिकडे डॉ. बेलमार यांच्यापुढे वेगळाच पेच होता. आपलं माणूस असेल त्याने बाहेर जायचं, हा नियम रोनेलला लावू गेलं तर समितीवरचे पाद्री कॅनन टोबायस यांनी तिचा बाप्तिस्मा केलेला, वकीलबाई तिच्या धर्ममाता, सिस्टर फिलबर्ट यांनी तिला इंजेक्शन द्यायला शिकवलेलं आणि खुद्द बेलमार तिच्या बापाचे चुलतभाऊ. सगळे उठून गेले तर निर्णय घ्यायला छताचा पंखा तेवढा उरला असता. तेव्हा असं ठरलं, की एका छपराखाली राहणाऱ्याने बाहेर जावं, बाकीच्यांनी नातं मोठ्याने सांगून इतिवृत्तात नोंदवावं आणि बसावं. म्हणजे फक्त इडोनाबाई बाहेर. पण मग जनतेतला माणूस कोण?

बदली माणूस ग्वाव्हचाच हवा होता, कारण अभ्यास तिथला. बेलमारांनी सोमवारपासून शोधायला सुरुवात केली. जो भेटे तो रोनेलचा मामा, नाहीतर मामाचा मेहुणा, नाहीतर चर्चमध्ये तिच्याशेजारी उभा राहून गाणारा. अर्ध्या गावाचं आडनाव केडोर. अखेर एकच माणूस सापडला: मिस्टर लेन्डोर, मासेमारी करणारे, मूळचे कारियाकू बेटावरचे, लग्न करून ग्वाव्हला आलेले. बायको वारली होती, नातं कुणाशीच नव्हतं. अडचण एवढीच होती, की अकरा वर्षांपूर्वी इडोनाबाईंच्या शेळीने त्यांचा दोरीवर वाळत घातलेला काळा सूट खाल्ला होता, नेमका भावाच्या मयतीच्या सकाळी. ते एकाच बाहीच्या कोटात स्मशानात गेले. इडोनाबाई माफी मागायला म्हणून गेल्या आणि तिथे त्यांच्या तोंडून निघून गेलं, की शेळीच्या तोंडाशी येईल असा सूट वाळत घालू नये. त्या दिवसापासून लेन्डोर त्यांच्याशी बोलले नव्हते.

बेलमारांनी विचारलं, आईवरचा राग मुलीवर निघणार नाही ना? लेन्डोर म्हणाले, “माझं मुलीशी भांडण नाही. शेळीशीही नाही, ती बिचारी मुकी. माझं भांडण त्या बाईशी आहे.” यावर समितीत थोडी चर्चा झाली. पण वैर हे नातं आहे का, याबद्दल नियमात काही नव्हतं, आणि कॅनन म्हणाले, ज्याच्याशी आपण बोलतच नाही त्याच्याशी संबंध आहे असं कसं म्हणावं. लेन्डोर ठरले.

बुधवारी, चिटणीस बाईंकडून किल्ली मागवून, बैठक भरली. रोनेलचं नाव पुकारताच इडोनाबाई उठल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दाराला फटी होत्या, आतलं ऐकू येई. म्हणून त्या जिना उतरून खाली गेल्या. खाली जीव राहीना, म्हणून चार पायऱ्या वर आल्या. तिथे काही ऐकू येत नव्हतं आणि येईल अशी आशाही होती, अशी ती नेमकी जागा होती. पण लेन्डोर जन्मभर एका होडीतून दुसऱ्या होडीतल्या माणसाशी बोललेले. त्यांच्या आवाजाला चार पायऱ्या म्हणजे काहीच नव्हत्या. इडोनाबाईंनी कानांत बोटं घातली, तरी तो आलाच.

“हा तक्रारीचा नंबर मी काल लावून पाहिला,” लेन्डोर सांगत होते. “तक्रार नव्हती. नंबर चालू आहे का बघत होतो. पलीकडून त्या बाईचा आवाज. मी फोन ठेवला.”

कुणीतरी काहीतरी पुटपुटलं.

“मला साखर आहे, डॉक्टर. उद्या ही पोरगी माझाही पाय बघायला येईल. तिच्या हातून काही वाकडं झालं तर मी सांगायचं कुणाला? तिच्या आईला? त्या बाईशी बोलण्यापेक्षा मी पाय देईन.”

 नऊ वर्षं सहा शिकलेल्या माणसांनी त्या ओळीखाली सह्या केल्या होत्या.

इडोनाबाई पायरीवर बसल्या. मुलीचं कोणतं वाक्य चुकलं असेल, कोणता आकडा राहिला असेल, म्हणून त्या कागद पालथा घालत राहिल्या, आणि चूक म्हणजे त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर निघालं. काखेत कळसा म्हणतात तो हा. त्याहून वाईट विचार मागून आला. नऊ वर्षांत त्यांच्याकडे तक्रारी आल्या चार. रक्तदाबाचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी अळूचा वाफा तुडवला, गाडी गेटासमोर लावली, असल्या. समितीच्या अहवालात बेलमार दर वर्षी अभिमानाने लिहीत, की लोक समाधानी आहेत. पण कितीतरी वेळा फोन वाजे, त्या ‘हॅलो’ म्हणत आणि पलीकडून काही न बोलता बंद होई. त्यासाठी त्यांनी टेलिफोन कंपनीला दोनदा खडसावलं होतं. आता त्या बोटांवर मोजू लागल्या, की गावात आपल्याशी कोण कोण बोलत नाही. दोन्ही हातांची बोटं संपली.

बेलमार बाहेर आले ते रुमालाने मान पुसत. रोनेलसाठीचा निरोप म्हणून त्यांनी सांगितलं: मंजुरी मिळेल, पण कागद बदलल्यावर. घरातला नंबर काढायचा आणि एकाऐवजी दोन द्यायचे, म्हणजे एकाशी पटत नसलं तर दुसरा असेल. एक नंबर कॅनन टोबायस यांचा. दुसरा लेन्डोर यांचा, सकाळी सहा ते आठ, रविवार सोडून. बदललेल्या कागदावर दोघांची लेखी संमती आणून दिली की आपण सही करू.

इडोनाबाईंनी फक्त विचारलं, “शुक्रवारपर्यंत?”

“ते तुम्हाला सांगता येणार नाही,” बेलमार म्हणाले. “तुम्ही बाहेर आहात.” मग त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी मान हलवली.

गुरुवारी कॅनन यांची सही झाली, पण लेन्डोर समुद्रावर होते. शुक्रवारी पहाटेपासून इडोनाबाईंनी तीनदा अंगण झाडलं. दहाला होड्या आल्या, रोनेल कागद घेऊन धक्क्यावर गेली. सही झाली, तिथूनच फोनवर फोटो काढून तिने ती बेलमारांना पाठवली. दीड वाजता ती घरी परतली तेव्हा तिच्या एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हातात, शेपटीला धरलेला, कोपरापर्यंत लांब असा लाल तांबोसा मासा.

इडोनाबाईंनी आधी मासा बघितला. “हा कुणी दिला?”

“लेन्डोरकाकांनी. म्हणाले, घेऊन जा, बर्फ संपलाय.”

“तू संशोधक. ते सदस्य. तुझ्या अभ्यासावर त्यांनी मत दिलंय.”

“मम्मी, मासा आहे हा.”

“पेनसुद्धा चालत नाही,” इडोनाबाई म्हणाल्या आणि फोनकडे निघाल्या.

रोनेल आडवी आली. तिने घड्याळ दाखवलं. बेलमारांनी अजून सही केलेली नव्हती, तीनला जमैकाचं दार बंद. तिने विनवलं, की तीन वाजून एक मिनिटाने सांग, हवं तर मासा पोलिसांत दे, पण आत्ता नको. इडोनाबाईंनी हात फोनवर ठेवला. पोरीची सगळी मेहनत, रात्रपाळ्या, दोनदा दिलेली परीक्षा. एका फोनने सगळं मुसळ केरात जाणार. मासा परत धाडावा तर लेन्डोरांशी आणखी अकरा वर्षं अबोला. ठेवून घ्यावा आणि गप्प राहावं तर गप्प राहण्याबद्दल दर जानेवारीत त्या काय शिकवत होत्या?

त्यांनी नंबर फिरवला. रोनेल ओट्यापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

“डॉक्टर, एक भेट नोंदवायची आहे. माझ्या घरात समितीच्या सदस्याकडून मासा आलाय.”

 मग बेलमारांनी विचारलं, “कोणता?”

“तांबोसा.”

“वजन?”

इडोनाबाईंनी शेपटीला धरून उचलला. “सहा पौंड असेल. साफ केलेला नाही.”

बेलमारांनी एकेक विचारलं. मत बुधवारी दिलं, मासा शुक्रवारी मिळाला? देताना काय म्हणाले? बर्फाबद्दल नेमके शब्द काय? कागदावर खरखर लिहिल्याचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, की परीक्षा देणाऱ्याने परीक्षकाला मासा दिला तर काय करायचं ते नियमात आहे, परीक्षकाने परीक्षा देणाऱ्याला दिला तर काय, याचा कुणी विचारच केलेला नाही. पुढच्या बैठकीत तो विषय घेऊ. तोवर इतिवृत्तात एवढंच लिहितो: लाल मासा, अंदाजे सहा पौंड, बर्फ संपल्यामुळे, तत्काळ कळवला.

“आणि सही?” इडोनाबाईंनी विचारलं.

“सहीचं तुम्हाला सांगता येणार नाही.” मग फोन बाजूला ठेवून बेलमार काही करत असल्यासारखं वाटलं. “पण रोनेलला म्हणावं, फोनवरचं टपाल बघ.”

दोन वाजून दहा मिनिटांनी पत्र आलं, रोनेलने ते लगेच पुढे धाडलं, आणि वीस मिनिटांनी जमैकाहून पोच. रोनेलने खुर्चीत बसून पत्र पुन्हा वाचलं. इडोनाबाईंनी मासा धुवायला घेतला, लिंबू पिळलं, खवले काढू लागल्या. खवले सगळीकडे उडत होते.

“मम्मी,” रोनेल म्हणाली, “म्हणजे एका माशापायी तू माझी जागा घालवली असतीस?”

इडोनाबाईंनी सुरी थांबवली. प्रश्न खरा होता आणि उत्तरही त्यांना ठाऊक होतं. त्या उत्तराकडे फार वेळ बघण्याची त्यांची हिंमत नव्हती.

“आधी मासा केवढा आहे ते तर बघ,” त्या म्हणाल्या.