बॉन्डवरची फारकत

माझं लग्न मोडलं ते शिरूर अनंतपाळला, सासरच्या ओसरीत, कपातला चहा थंड व्हायच्या आत. भावकीतली पाच माणसं सतरंजीवर बसली होती. नवऱ्याने तहसीलसमोरच्या टायपिस्टकडून बॉन्ड पेपरवर फारकत लिहून आणली होती. आमच्यात कोर्टाची पायरी कुणी चढत नाही, बॉन्डवर मिटवतात, असं मला सांगण्यात आलं. खाली नोटरीचा लाल शिक्का होता, त्यामुळे सगळ्यांना तो कागद फार पक्का वाटत होता. मुलगी चार वर्षांची होती. ती आईकडे राहील, बापाचा तिच्यावर कसलाही हक्क राहणार नाही, हे वाक्य सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं. नात त्यांना नकोच होती. मारणाऱ्या माणसापासून सुटका होतेय एवढंच मला दिसत होतं. मी सही केली, मुलीला कडेवर घेतलं आणि नांदेडची एसटी धरली.

मी मुदखेडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. सेवापुस्तिकेत माहेरचं नाव लावून घ्यावं म्हणून तो कागद घेऊन ऑफिसात गेले, तर तिथल्या क्लार्कने तो चष्म्यावरून पाहिला आणि कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाला. तेव्हा मी नांदेडला वकील बाईंकडे गेले. त्यांनी सरळ सांगितलं की बॉन्डवर लिहून घटस्फोट होत नसतो, तो कोर्टच देतं. आपण बौद्ध असलो तरी हिंदू विवाह कायदाच लागतो. म्हणजे त्या ओसरीतली पाच शहाणी माणसं, तो टायपिस्ट, तो लाल शिक्का, सगळं मिळून शून्य. मी अजून त्याची बायकोच होते. त्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात रडले. अर्ज करू म्हणाल्या, तर बघू म्हणून मी घरी आले आणि पुढची दोन वर्षं काहीच केलं नाही.

मग एक दिवस शाळेच्या पत्त्यावर लग्नपत्रिका आली. पाकिटावर नवऱ्याचं वळणदार अक्षर. हा लातूरला सरकारी ऑफिसात लिपिक, अक्षराचा त्याला भारी गर्व. आत त्याच्याच दुसऱ्या लग्नाची पत्रिका, आणि तिच्या कोपऱ्यात त्याने पेनने लिहिलं होतं, मुलीला घेऊन अवश्य यावे. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी ती उघडावी आणि जळावं, एवढ्यासाठी त्याने पोस्टाचा खर्च केला होता. मी जळले, खोटं कशाला बोलू. पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या गाढवाने आपली मान स्वतःच्या हस्ताक्षरात माझ्या हातात दिली आहे.

लग्नाला पंधरा दिवस होते. वकील बाई म्हणाल्या, आजच्या आज नोटीस पाठवू, लग्न थांबेल. मी म्हणाले, होऊ द्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या नवरीचं काय, असं विचारलं. तिला कळेल तेव्हा कळेल, असं मी म्हणाले. बाईंना ते आवडलं नाही. मी बाहेर पडले आणि पत्रिकेच्या चार झेरॉक्स काढल्या.

वर्षभर गप्प राहिले. लग्नाचे फोटो कुणाकुणाच्या मोबाइलवर दिसत, ते मी मागून घेत असे. लोकांना वाटायचं, बिचारी. मग माझी बदली इस्लापूरच्या बाजूला झाली आणि त्याला एकदम लेक आठवली. नांदेडच्या कौटुंबिक न्यायालयात त्याने मुलीचा ताबा मागितला. आई रानात नोकरीला, मुलीचं नुकसान होतंय, लातूरला शिक्षणाची सोय आहे, आणि घरी माझी पत्नी आहे, ती पूर्णवेळ मुलीकडे बघेल. हे सगळं शपथेवर, खाली सही. सोबत पुरावा म्हणून ती बॉन्डवरची फारकत.

तो अर्ज वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगी शेजारी झोपली होती आणि तिचा हात माझ्या पदरात होता. ती गेली असती तर मी संपले असते. पण भीतीच्या खाली एक खुशीही होती.

समुपदेशकांच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. वकील बाईंनी पत्रिका आणि त्याचं शपथपत्र शेजारी शेजारी ठेवलं. पहिली बायको असताना दुसरं लग्न, तेही सरकारी नोकराने. त्याच्या वकिलाने दोन्ही कागद वाचले आणि पाणी मागितलं. नवऱ्याला अजून उमगलं नव्हतं.

तो म्हणाला, "बॉन्डवर तुझीबी सही हाय की."

मी म्हणाले, "आहे. त्यानं घटस्फोट होत नाही. तुमच्या साहेबांना मी अजून कळवलेलं नाही."

त्याचा चेहरा उतरला तो मी डोळे भरून पाहिला. इतकं सुख मला त्या घरात एकदाही मिळालं नव्हतं. ताब्याचा अर्ज त्याने मागे घेतला. मुलगी माझ्याकडे, भेट महिन्यातून एकदा, कोर्टाच्याच आवारात, असं लिहून झालं. तक्रारीचा अर्ज मी टाइप करून कपाटात ठेवला आहे आणि ते त्याला माहीत आहे. घटस्फोटही मी दिलेला नाही. राहू दे लटकलेला.

दुसऱ्या भेटीच्या शनिवारी त्याच्याबरोबर त्याची दुसरी आली. तेवीस-चोवीस वर्षांची, साधी साडी, हातात माझ्या मुलीसाठी आणलेला बिस्किटांचा पुडा. तो आत मुलीपाशी गेला आणि ती बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. तिला त्याची बायको म्हणायला कायद्यात जागाच नव्हती, आणि ते तिला आता कळलं होतं.

बिस्किटांचा पुडा तिने मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ताई, त्यो कागद खोटा हाय, हे तुमाला लग्नाच्या आदी ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

"पत्रिकेवर माझ्या बापाचा नंबर होता की."

होता. अगदी खाली, जाड अक्षरात. झेरॉक्सवाल्याकडून चारही प्रती हातात घेतल्या तेव्हा तो नीट उमटलाय का, हे मीच तपासून घेतलं होतं.