मीठ पडलेली भाकर

रिसोडच्या आमच्या चर्चमध्ये उपासना संपली तरी कुणाला तसंच घरी जाता येत नसे. पाळक शांतवनसाहेब दारात उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवून म्हणत, "या हप्त्याचा उपकार सांगा." आठवडाभरात देवानं जे बरं केलं, त्यातलं एक सांगायचं, मग सुटका. म्हैस व्याली, पोरगी पास झाली, दाढ दुखायची थांबली, काहीही चाले. मोघम मात्र चालत नसे. मी एकदा घाईत "सगळंच बरं हाये, साहेब," म्हणून सटकू पाहिलं, तर म्हणाले, "सगळ्याचं पुढच्या हप्त्यात पाहू. आज एक सांग." मी पेटी वाजवणारा, म्हणजे शेवटी निघणारा. माझी पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी चांगले उपकार संपवलेले असत.

मंडळी म्हणजे तरी किती! पत्र्याच्या छपराखाली अंथरलेल्या सतरंज्यांवर सगळे मावत. साहेबांच्या पत्नी रत्नाबाई आम्हाला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवत, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत मनुकांच्या रसासोबत वाटायची भाकर त्याच भाजत. भाकर आपली म्हणायची. असायची ती गव्हाची पातळ, बिनमिठाची पोळी. तिचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर पडे. साहेबांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नसे. बाई हसून म्हणत, "हे लोकायले सर्गाचा रस्ता दाखोतात, पन घरातला मिठाचा डबा कुठी हाये ते यायले माहीत नाई."

कोरोना आला तेव्हा चर्चला कुलूप साहेबांनी स्वतःच्या हातानं लावलं. मंडळीचे जुने पंच दानियलकाका भडकले. "देवाच्या घराले कुलूप? तुमचा इश्वास कुठी गेला, साहेब?"

"इश्वास हाये म्हनूनच लावून राह्यलो," साहेब म्हणाले. "देव कुलपाच्या बाहीर बी हाये. तुमची माय घरी म्हातारी हाये, दानियलभाऊ. तिले जपा."

आणि मग साहेब सायकलवर निघू लागले. दारासमोर घंटी वाजायची. आम्ही बाहेर यायचो. तोंडाला रुमाल बांधलेले साहेब नालीच्या पलीकडे, रस्त्यावरच उभे. तिथूनच ओरडून विचारायचे, "उपकार सांगा!" सगळ्या गल्लीला ऐकू जाई. समोरच्या घरातले गुरुजी बौद्ध. एक दिवस ते गच्चीवरून म्हणाले, "साहेब, माहा बी एक घ्या. भाऊ दवाखान्यातून घरी आला." साहेबांनी वर पाहून मोठ्यानं "आमेन" म्हटलं. ते दिवस वाईट होते, पण त्या घंटीची आम्ही वाट पाहायचो.

त्यातच दानियलकाकांचे थोरले भाऊ गेले. काकांना सगळी मंडळी हवी होती, नातलग हवे होते. साहेबांनी घरच्या चार माणसांवर कुणाला येऊ दिलं नाही. कारंजाहून निघालेली पाहुण्यांची जीप फोन करून अर्ध्या रस्त्यातून परत फिरवली. "माह्या भावाले माती द्यायले मानसं मिळाली नाईत," असं काका दिसेल त्याला सांगत राहिले. साहेबांशी मात्र त्यांनी बोलणंच टाकलं.

दुसऱ्या लाटेत रत्नाबाई आजारी पडल्या. त्यांना वाशिमला नेलं. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून साहेब दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली बसून असत. बाई तिथून परत आल्या नाहीत.

दफनाच्या दिवशी आम्हाला घरी बसवलं नाही. सगळे दफनभूमीच्या फाटकापाशी जमलो. दानियलकाकाही आले, मान खाली घालून एका बाजूला उभे राहिले. साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि हात जोडले. "मांगं फिरा. दानियलभाऊच्या भावाले जे लागू, तेच माह्या रत्नाले लागू." ते फाटकातून हलले नाहीत. आम्ही फिरलो. पाठीमागून साहेबांचं गाणं ऐकू आलं. एकटेच गात होते, आणि साहेबांना सूर कधीच नव्हता. मी आयुष्यभर त्या माणसामागे पेटी धरली, आणि नेमकी त्या दिवशी धरता आली नाही. ते आजही मनाला लागतं.

पुढच्याच आठवड्यात घंटी पुन्हा वाजू लागली. साहेब येत, सगळ्यांची तोंडं पाहत, "बरे हा न?" म्हणत आणि पॅडल मारत. उपकार विचारायचं त्यांनी सोडलं होतं. ज्या तोंडानं आम्हा सगळ्यांना उपकार मानायला शिकवलं, त्याच तोंडात आता तो शब्द येईना. साहेब आमच्यात राहूनही हातचे जाताहेत, असं मला वाटू लागलं.

चर्च उघडलं त्या रविवारी प्रभुभोजन होतं. सगळे लांब लांब बसलो, मनुकांच्या रसासाठी ज्यानं त्यानं घरून पेला आणलेला. भाकर कोण करणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांनी ती स्वतःच भाजली होती. जाड, एका बाजूनं करपलेली. तुकडा तोंडात टाकला तर खारट. सगळ्यांनी तो तसाच गिळला. शेवटी साहेबांनी आपला तुकडा घेतला आणि चावता चावता थांबले.

"यात मीठ नसते काय?" त्यांनी विचारलं. "तिनं कधी सांगतलं नाई. मीच कधी इचारलं नाई."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले.  तेवढ्यात मागून दानियलकाका उठले. इतक्या महिन्यांत साहेबांशी बोललेले ते पहिले शब्द. "साहेब, माहा या हप्त्याचा उपकार घ्या. माही माय जित्ती हाये. अन् तुमी भाकर भाजली."

साहेब सगळ्यांसमोर रडले. बराच वेळ रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "आमेन." त्या दिवशी बाहेर पडताना ते पुन्हा दारात उभे होते.

पुढं दोन हिवाळे साहेबांनी आमची सेवा केली. ते गेले तेव्हा कारंजाच्या जीपही आल्या आणि सगळी गल्लीही लोटली. फाटकात कुणाला अडवायला साहेब नव्हते. मी पेटी धरली, पण मलाच सूर सापडेना.

आता नवे पाळक आहेत. पहिल्या प्रभुभोजनाआधी त्यांच्या पत्नीनं दानियलकाकांना विचारलं, "काका, इथं भाकर कशी करतात?"

"गव्हाची. पातळ," काका म्हणाले. "अन् चिमूटभर मीठ."

"मीठ?" त्या चमकल्या. "भाकरीत मीठ कुठं असतं?"

"आमच्या इथं असते," काका म्हणाले.