जावेचा डोळा

टकरीसाठी पाळलेल्या एडक्याने धाकट्या जावेला मारलं तेव्हा मी गोठ्यातच होते. ती वैरण टाकायला वाकली, तो मागे सरकला आणि धडकला. शिंग तिच्या उजव्या डोळ्याखाली बसलं. ती उताणी पडली, तरी तो पुन्हा तिच्यावर धावला.

दिराने त्याला काठीने झोडपून हाकललं आणि बायकोकडे वळला. टकरीत एडक्याचं शिंग मोडलं की आमच्यात रक्त थांबवायला चिंधी करकचून बांधतात. त्याने फेट्याचं कापड तसंच तिच्या डोळ्यावर आवळलं. कुणालाच त्यात चूक दिसली नाही. मंद्रूपहून सोलापूरला येईपर्यंत ती जीपमध्ये ओकत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती पट्टी कापून फेकली. डोळा बाहेर आला होता, दगडासारखा टणक. त्यांनी बॅटरी मारली.

"उजेड दिसतो?"

"न्हाय."

"डोळ्यामागे रक्त साचलंय," त्या मला म्हणाल्या. "मेंदूकडे जाणारी नस दाबली गेलीय, आणि वरून तुम्ही आवळलंत. स्कॅनची वाट पाहिली तर नस मरेल. पापणीचा बाहेरचा कोपरा आत्ता कापते, म्हणजे डोळ्याला पुढे सरकायला जागा होईल. डोकं घट्ट धरा."

भुलीची सुई टोचली. कात्री दिसताच दीर ओरडला, "डोळा काढतीय ही!" आणि त्याने बाईंचा हात पकडला. मी त्याच्या कानाखाली वाजवली.

"भाईर हो!"

"वयनी..."

"भाईर!"

मी पुन्हा जावेचं डोकं धरलं. ती कण्हत म्हणाली, "अक्का, किती दाबताय? पाण्याच्या पाळीवरनं भांडले, त्याचा राग काढताय की!"

"व्हय. हललीस तर अजून काढीन."

आधी कातडी कापली, मग पापणी हाडाला धरून ठेवणारी आतली चिवट शीर. ती कापताना करकर ऐकू आली. भूल असूनही जाऊ गुरासारखी ओरडली, तिची नखं माझ्या दंडात रुतली. काळं रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. बाईंनी बोटाने डोळा चाचपला, नकारार्थी मान हलवली आणि कात्री पुन्हा आत घातली.

मग बॅटरी.

"न्हाय."

थोड्या वेळाने पुन्हा. "न्हाय."

पुढच्या वेळी तिने तोंड फिरवलं. "काढा की ती बॅटरी! टोचतीय लई."

बाई खुर्चीत बसल्या. मी हात धुवायला गेले.

त्या डोळ्याने आता तिला समोर माणूस आहे एवढं कळतं, चेहरा ओळखू येत नाही. यापुढे सुधारणार नाही, असं बाईंनी सांगितलं.

"पुरे की," जाऊ म्हणाली.