गच्चीवर वाळत घातलेले सिगार

माझा धाकटा दीर मस्कतला नोकरीला होता. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने सगळ्यांसाठी खजूर, अत्तर असं काहीबाही आणलं आणि आबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, सिगारचा डबा आणला. पातळ लाकडाचा डबा, वर रंगीत कागद आणि आत एकमेकांना खेटून ठेवलेले जाड, तपकिरी सिगार. "वहिनी, हे सुकू द्यायचे नाहीत बरं का," एवढं मला सांगून तो परत गेला. पुढे चैत्र-वैशाख होता आणि आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी पिळून टाकलेलं धोतर आबांचा चहा होईपर्यंत वाळतं.

आबा फौजेत गाडी चालवायचे. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या साहेबांनी स्वतःच्या पेटीतला एक सिगार त्यांना दिला होता. आबांनी तो ओढला नाही. साहेबांची आठवण म्हणून ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवून दिला. पुढे एका लग्नात त्यांनी तो ऐटीत काढून पेटवला तर सुकून गेलेला तो कडबा पेटावा तसा भडकला आणि मिशीचं एक टोक घेऊन गेला. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या आमच्या सगळ्या पाहुण्यांना ही गोष्ट पाठ होती.

आता ते साहेब पुण्यात राहत होते आणि त्यांचा फोन आला होता. दिवाळी झाली की नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला यायचं होतं, परतताना आमच्याकडे जेवायला थांबणार होते. आबांनी फोन ठेवला आणि लगेच ठरवलं की जेवणानंतर साहेबांच्या हातात सिगार द्यायचा. नोकरीभर साहेबांनी दिलं आणि आबांनी घेतलं होतं. एकदा तरी उलटं व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"सूनबाई, त्यांच्याम्होरं पुन्यांदा कडबा पेटाय नको," ते म्हणाले.

सिगार दिवाळीपर्यंत सुकू न देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरामागच्या खोलीत गावरान कोंबडीची पिल्लं उबवून विकायचे. उबवणीच्या यंत्रात ऊब जितकी सांभाळावी लागते तितकीच ओल. हवेतली ओल दाखवणारा काट्याचा मीटर माझ्याकडे होता. आबांना वाटलं, सिगार म्हणजे न फुटणारी अंडीच. फारसं चुकीचं नव्हतं ते.

पेटी कशाची करायची यावर घरात बरीच चर्चा झाली. आमचे हे म्हणाले, फ्रिजमध्ये ठेव. फ्रिजमध्ये उघडी राहिलेली कोथिंबीर सुकते, शिवाय आमच्या फ्रिजला बारा महिने लसणाच्या चटणीचा वास. माठात ओल जास्त, बुरशी धरणार. स्टीलच्या डब्याला आतून घाम फुटतो आणि त्याचे थेंब खाली पडतात. राहिलं लाकूड. लाकूड थोडी ओल पितं आणि हवा कोरडी झाली की तीच परत सोडतं, म्हणून पेटी लाकडाचीच हवी. इंदापूरच्या बाजारात डाळिंबाची खोकी ढिगाने पडलेली असायची, पण त्या लाकडाला कच्चा, राळेसारखा वास. सागवान मजबूत, पण तेलकट आणि त्याचाही वास उतरतो. शेवटी बारामतीच्या सुताराकडे बाहेरून सागवान आणि आतून शिवणीचं लाकूड अशी पेटी सांगितली. शिवणीला वास जवळजवळ नाही आणि ती सहसा वाकत नाही.

"दागिन्यांची का ताई?" सुताराने विचारलं.

"तंबाखूची."

त्याने कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मालक लईच जपून खातात म्हणायचं."

आतून पॉलिश करायचं नाही हे मी त्याला दोनदा बजावलं. झाकण बसलंय का हे बघायला पेटीत पेटवलेली बॅटरी ठेवून कोठीच्या खोलीत दार लावून उभी राहिले. एका बिजागरीपाशी उजेडाची रेघ दिसली. पेटी परत पाठवली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वाळवण आलं. चैत्रात आमच्याकडे वर्षाचं जे जे काही साठवायचं ते आधी उन्हात जातं. गहू, डाळी, मिरच्या, कुरडया, शेवया. उन्हात घातल्याशिवाय काही डब्यात भरायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. सासूबाई मिश्री लावायच्या आणि मिश्रीची तंबाखू तव्यावर भाजण्याआधी कडकडीत वाळलेली लागते, नाहीतर ती करपते पण भाजत नाही. आबांचा डबा त्यांनी उघडून हात लावून पाहिला तर माल दमट. मऊ पडलेली तंबाखू! त्यांनी गच्चीवर कुरडयांच्या शेजारी जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर सगळे सिगार ओळीने वाळत घातले.

मी बारामतीहून दुरुस्त झालेली पेटी घेऊन आले तेव्हा त्या छत्री घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या.

"आत्या, हे काय?"

"अगं, सादळली हुती समदी. तुमी पेटी करताय, पन आधी ऊन दावाय नको व्हय?"

खालून आबा आले. लुगड्यावरचा एक सिगार त्यांनी उचलला, तर वरचं पान चरचरून सुटलं. ते तो हातात धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. आबा गप्प बसले की सासूबाई घाबरायच्या.

"अवो, बोला की कायतरी."

"काय बोलू? फौजेत असतीस तर कोर्टमार्शल झालं असतं तुझं."

"फौजेत असते तर सायबाला बी ऊन दावलं असतं."

मी दोघांना तिथेच सोडून सिगार गोळा केले. दोन अगदी फुटले होते. बाकीचे कडक झाले होते, पण अखंड होते. सुकलेली वस्तू भिजवली की फुगते आणि वरचं पान फाटतं, एवढं मला कळत होतं. म्हणजे ओल द्यायची ती चोरपावलांनी.

आधी रिकामी पेटी तयार केली. नवं लाकूड तहानलेलं असतं, आत ठेवलेल्या मालाचीच ओल ते पिऊन टाकतं. म्हणून आतून ओल्या फडक्याने पुसली आणि पाण्याची वाटी ठेवून बंद केली, ती चांगली आठवडाभर. मीटर खरं बोलतोय का हेही तपासलं. बाटलीच्या बुचात ओलसर मीठ आणि शेजारी मीटर, दोन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काटा पंचाहत्तरवर आला पाहिजे. आला.

मग सिगार आत ठेवले आणि साबणाच्या डबीत स्पंजचा तुकडा. पाणी साधं चालत नाही. आमच्या बोअरचं पाणी तर चहाच्या भांड्याला पांढरा थर चढवतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन गोठ्यात होता, तो मी आणला. आबांनी तो पाहिला आणि उठून उभे राहिले.

"सूनबाई, ॲसिड?"

"आबा, नुसतं शुद्ध पाणी आहे."

"मग आदी तू पी."

मी प्यायले. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावू दिला.

सुरुवातीला स्पंज जेमतेम ओला. दर आठ-दहा दिवसांनी थोडा जास्त. काटा हळूहळू साठापर्यंत चढला आणि मग सत्तरच्या अलीकडे मी तो धरून ठेवला. खालचे सिगार वर, वरचे खाली, पोळ्या फिरवाव्यात तसे. पेटी कोठीच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला. देवघर पलीकडेच होतं म्हणून सासूबाईंनी कुरकुर केली, पण या खेपेला त्यांचं कोणी ऐकलं नाही. आबा रोज सकाळी मीटर बघायचे आणि मला आकडा सांगायचे, जणू धरणाची पातळी.

श्रावणात दोन-चार सिगारवर पांढरी लव दिसली. आबांचा चेहरा उतरला. मी स्पंज काढला, लव कोरड्या फडक्याने पुसली आणि दोन दिवस दुपारचं झाकण किलकिलं ठेवलं. परत आली नाही. फुटलेले दोन सिगार सासूबाईंनी आधीच तव्यावर भाजून मिश्री केली होती. परदेशी मालाबद्दल त्यांचं मत चांगलं झालं नाही. "नुसता वास," त्या म्हणाल्या. "झटका न्हाय."

साहेब दिवाळीनंतर आले. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे. आबांनी आदल्या दिवशी घरात सगळ्यांना हुकूम सोडला होता की वाळवणाचा विषय साहेबांसमोर कोणी काढायचा नाही. मटण-भाकरी झाली. आबांनी पेटी आणली आणि स्वतः उभे राहिले. साहेबांनी एक सिगार उचलला, कानाशी नेऊन बोटांत फिरवला. सुका असला की तो कुरकुरतो. काही आवाज आला नाही. त्यांनी टोक कापलं, शांतपणे गोल फिरवत पेटवला. आबांची नजर त्या टोकावर होती, माझी आबांवर. भडका नाही. निखारा सरळ गोल धरला आणि मागे पांढरी राख तशीच टिकून राहिली.

"हवालदार, बसा," साहेब म्हणाले. "एकटा ओढू काय मी? तुमचा घ्या."

आबा बसले. साहेबांच्या समोरच्या खुर्चीत मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते. पेटवताना मात्र डाव्या हाताने त्यांनी मिशी दाबून धरली.

"माझे पुण्यात सुकतात हो," थोड्या वेळाने साहेब म्हणाले. "तुम्ही इथल्या उन्हात कसे काय ठेवलेत?"

आबांनी धूर सोडला. "काय न्हाय सायेब. सूनबाईनं अंड्यावानी उबवलं."

स्वयंपाकघराच्या दारातून लगेच आवाज आला, "आन् मी ऊन दावलं ते? ते बी सांगा की सायबास्नी!"

मग सगळं सांगावंच लागलं, कुरडया आणि छत्रीसकट. साहेब इतके हसले की टिकलेली राख त्यांच्या पँटवर पडली. जाताना त्यांनी माझ्याकडून सुताराचा पत्ता घेतला. आबांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "बॅटरीच्या पान्याचं बोलू नको, त्यांलाबी प्यावं लागंल." सासूबाईंनी साहेबांच्या गाडीत कुरडयांची पिशवी ठेवली, चांगल्या कडकडीत वाळलेल्या.